विचारलं कोणाला?

बिऱ्हाडे मॅडमसमोर ‘नेट बंद आहे’ असं म्हणायची सोय नव्हती. आमच्या धुळ्याच्या कॉलेजातले सगळे संगणक त्या सांभाळायच्या. शिकवायच्या नाहीत, सांभाळायच्या. आणि हा फरक त्या प्रत्येक नव्या प्राध्यापकाला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या. कुणी घामाघूम होऊन त्यांच्या दारात आलं आणि ‘मॅडम, नेट बंद आहे’ म्हणालं, की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि म्हणायच्या, ‘विचारलं कोणाला?’

आलेला माणूस बावचळायचा. बिचारा तक्रार घेऊन आलेला, आणि इथे त्याचीच उलटतपासणी.

‘कोणाला म्हणजे? तुम्हालाच तर विचारतोय.’

‘मला नाही हो. तुमच्या मशीननं कोणाला विचारलं?’

मी मराठी शिकवते. मशीनला आपण विचारायचं असतं अशी माझी भाबडी समजूत होती. मशीनही कुणाला तरी विचारत असतं हे मला मॅडमकडून कळलं. परवा नव्या फोनवर एक पान काही केल्या उघडेना, तेव्हा मी नकळत चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, ‘विचारलं कोणाला?’ घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तेव्हापासून मॅडम डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

त्या ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि चालायच्या अशा की मागून येणाऱ्याला पळावं लागे. अंबाड्यात बायका पिन खोचतात, मॅडम स्क्रूड्रायव्हर खोचायच्या. स्नेहसंमेलनाच्या फोटोत भरजरी पैठणी आणि अंबाड्यातून डोकावणारी पिवळी मूठ, असा त्यांचा थाट अजून आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर आहे. फोन उचलला की ‘जयभीम, बोला.’ समोर विद्यापीठाचे साहेब असोत नाहीतर कॅन्टीनवाला, सुरुवात तीच. डब्यात बहुतेक कळण्याची भाकरी आणि असा ठेचा, की पहिल्या घासाला माझं व्याकरण सुटायचं. ‘खा, खा,’ त्या म्हणायच्या, ‘मराठीवाल्यांना तिखट लागत नाही, असं ऐकलंय.’ हे त्यांनी कुठे ऐकलं होतं, देव जाणे.

कॉलेजातल्या मोठ्या मशीनांना त्यांनी नद्यांची नावं दिली होती. प्राचार्यांना ‘सर्व्हर एक’, ‘सर्व्हर दोन’ अशी भारदस्त नावं हवी होती. मॅडमनी ऐकलं नाही. ‘सर, आकडा माणूस विसरतो. गावची नदी कोणी विसरत नाही.’ झालं. प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय ही सगळी पानं जिथे राहायची ती गिरणा. मग भर पावसाळ्यात, बाहेर धो धो कोसळत असताना, ऑफिसातून शिपाई ओरडत यायचा, ‘मॅडम, गिरणा आटली!’ आणि मॅडम शांतपणे म्हणायच्या, ‘वायर हलव, पूर येईल.’

गिरणा ज्या खोलीत होती तिथे एसी होता. कॉलेजात तेवढा एकच. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत आम्हा सगळ्यांनाच तंत्रज्ञानाची ओढ लागायची. धुळ्याचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे ते आम्हाला नावं ठेवणार नाहीत. भूगोलाचे सर पेपर तपासायला तिथे, मी तिथे, क्रीडाशिक्षकसुद्धा तिथे. मॅडम चपला बाहेर काढायला लावायच्या आणि ‘दार लोटा’ एवढंच म्हणायच्या. कधी कंटाळा आला तर एखादं झाकण काढून आम्हाला पंख्यावरची धूळ पुसायला लावायच्या. एसीचं भाडं, असं त्या म्हणायच्या.

त्या नेमकं काय करतात हे मला कळलं ते जामनेरला. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचा साखरपुडा होता आणि आम्ही पाच-सहा जण जीपनं निघालो होतो. प्राचार्य पुढे बसलेले, मॅडम आणि मी मागे. निमंत्रणावर पत्ता काय, तर ‘पाटील यांचे घर, जामनेर’. फोन लावला तर तिकडे बँड वाजत होता, आवाजच पोचेना.

गावात शिरल्यावर मोटरसायकलवर रेललेल्या एका गृहस्थाला विचारलं. त्यांनी पत्ता पुरता ऐकलाही नाही. ‘सरळ जा, डाव्या हाताला, मोठा बंगला.’ डाव्या हाताला कापसाचं जिनिंग होतं. पुढे ओट्यावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं. ते आमच्याकडे बघत राहिले. आम्ही त्यांच्याकडे. बराच वेळ असा गेला आणि मग ड्रायव्हरनंच गाडी काढली. शेवटी एक टपरीवाला भेटला. तो हसून म्हणाला, ‘इथं तं सारेच पाटील हायेत, भो. मले नाही माहीत. पन बाजार समितीच्या गेटवर विचारा, हमालाईले माहीत राह्यते.’ गेटवरच्या हमालानं एकच प्रश्न केला, ‘कोन्ते पाटील? मक्यावाले का केळीवाले?’ केळीवाले म्हटल्यावर त्यानं आम्हाला थेट मांडवात नेऊन सोडलं.

मॅडम खुशीत आल्या होत्या. जिलेबी खाताखाता मला म्हणाल्या, ‘देवरे मॅडम, आज तुम्ही माझा धंदा पाहिलात. मशीनला नाव कळत नाही, पत्ता लागतो, आकड्यांचा. मग ते एकाला विचारतं, तो दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे. पत्ता मिळाला की निघालं. ह्यालाच डीएनएस म्हणतात. ह्यावर लोक जाड जाड पुस्तकं लिहितात.’

‘एवढंच?’

‘एवढंच. आता त्यातली माणसं बघा. तो टपरीवाला सोन्यासारखा. माहीत नाही म्हणाला, पण कोणाला विचारायचं ते सांगितलं. उत्तर माहीत नसलं तरी चालतं हो. मोटरसायकलवाला वाईट, चुकीचा पत्ता छातीठोक दिला. पण सगळ्यात वाईट ते ओट्यावरचे आजोबा. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. मशीन बिचारं वाट बघत उभं.’

त्या दिवसापासून आम्ही अख्ख्या कॉलेजची वाटणी करून टाकली. समाजशास्त्राचे सर मोटरसायकलवाले. हेडक्लार्क महाजन टपरीवाले. प्राचार्यांचं नाव ओट्यावर लिहायचं की नाही, यावर आमचं दोघींचं एकमत होतं, पण ते आम्ही कधी मोठ्यानं बोललो नाही. प्राचार्यांसमोर अर्ज ठेवला की ते तो वाचायचे, आपल्याकडे बघायचे, खिडकीबाहेर बघायचे. आपण उभे.

मॅडमना ही विद्या घरातूनच मिळाली होती. त्यांचे वडील, आबा, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत टेलिफोनच्या बोर्डावर होते. कॉलनीतून कोणी फोन उचलला की आधी आबांचा आवाज. ‘कोन पाहिजे?’ नाव सांगायचं, आबा बोर्डावरची खुंटी त्या नंबरच्या भोकात खोचून द्यायचे. कोणता साहेब कोणत्या पाळीला असतो, कुणाची बायको माहेरी गेलीय, कोणता डॉक्टर जेवायला घरी येतो, सगळं, आबांच्या भाषेत ‘बठ्ठं’, त्यांच्या डोक्यात. मॅडम लहानपणी शाळेतून सुटल्यावर तिथेच स्टुलावर बसून अभ्यास करायच्या. आबा मूळचे अमळनेरकडचे. नोकरी साऱ्या जन्माची दीपनगरला झाली, पण बोली बदलली नाही. बोर्डावरसुद्धा ‘जोडून देतो’ न म्हणता ‘थांबा, जोडी देस’ असंच म्हणायचे, आणि अहिराणी न कळणारे मोठे साहेबही निमूट थांबायचे.

निवृत्तीनंतर आबा अमळनेरला आपल्या घरी राहायला गेले. आणि तिथे त्यांच्या डोक्यातलं एकेक नाव सुटायला लागलं.

आधी भाडेकरूचं नाव गेलं. मग नाशिकच्या मुलाचं. मग ते पेपर आणायला निघाले की एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागले. शेजारच्या शांताअक्का लक्ष ठेवायच्या, पण त्यांनाही त्यांचा संसार होता. मॅडमनी आबांना धुळ्याला आणून पाहिलं. इथे तर ते संडासाची वाटही चुकायला लागले, रात्रंदिवस घाबरून बसायचे. अमळनेरच्या घरात निदान भिंती ओळखीच्या होत्या. शेवटी मॅडमनी ठरवलं, आपणच तिकडे जायचं. त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

प्राचार्यांनी अर्ज वाचला. मॅडमकडे बघितलं. खिडकीबाहेर बघितलं. आणि ह्या वेळी चक्क बोलले.

‘तुम्ही गेल्यावर आमचं कसं होणार?’

प्रश्न खरा होता, आणि त्याचं कारण मॅडमच होत्या. कॉलेजच्या आतल्या मशीनांचे पत्ते कॉलेजात कुणालाच विचारता येत नव्हते. सगळे पत्ते मॅडमच्या डोक्यात. कुणाचं पान उघडलं नाही की मॅडमना फोन. मॅडम सुट्टीवर असल्या तरी फोन. एकदा तर त्यांच्या पुतणीच्या हळदीत हेडक्लार्क महाजनांचा फोन, आणि मॅडम हळदीच्या हातानं फोन धरून आकडे सांगताहेत.

मॅडम म्हणाल्या, ‘सर, एक नवा सर्व्हर बसवते. फक्त पत्ते सांगायला. मला विचारायचं नाही, त्याला विचारायचं.’

प्राचार्यांनी अट घातली. प्रवेश सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर चालवून दाखवा. चालला तर सोमवारी तुम्हाला मोकळं करतो. नाही चालला तर सगळं काम पुण्याच्या कंपनीला देऊ, पण त्यांना सगळं समजावून देईपर्यंत, म्हणजे वर्ष संपेपर्यंत, तुम्ही इथेच.

वर्षभर. आबांच्या डोक्यातून नावं ज्या वेगानं जात होती, ते बघता वर्षभरानं मॅडम अमळनेरला पोचून काय करणार होत्या? त्यांनी धुळ्याच्या नदीवरून नव्या सर्व्हरचं नाव पांझरा ठेवलं आणि कामाला लागल्या.

पांझरेसाठी त्यांनी सगळ्या नद्यांचे पत्ते नव्यानं मांडले. गिरणेचाही पत्ता बदलला. घर तेच, नंबर नवा; जुना नंबर त्या चाचणीच्या आदल्या रात्री बंद करायचा. मी एसीसाठी बसलेली असायची, तेव्हा त्या मधूनच काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं उमटवून पांझरेला विचारायच्या, ‘गिरणा कुठे?’ आणि पांझरा चटकन उत्तर द्यायची. मॅडमचा चेहरा असा व्हायचा, की जणू पोरगी वर्गात पहिली आली.

आणि मग तो आदला दिवस उजाडला. सकाळी अकराला प्राचार्य, महाजन, ग्रंथपाल कोळी सर आणि फुकटचा एसी खाणारे आम्ही, असे सगळे ऑफिसात जमलो. मॅडमनी महाजनांच्या मशीनवर गिरणेवरचं प्रवेशाचं पान उघडायला सांगितलं. महाजनांनी बटण दाबलं. पडद्यावरचा गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. पान नाही.

‘विचारलं कोणाला?’ मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. महाजनांना उठवून त्या बसल्या, काळी खिडकी उघडली आणि पांझरेला विचारलं. पांझरेनं बरोबर नवा पत्ता सांगितला. पुन्हा पान उघडलं. पुन्हा गोल.

‘हे कसं?’ मी म्हटलं.

‘विचारलं की पत्ता बरोबर सांगतं, आणि निघालं की भलतीकडेच जातं,’ मॅडम म्हणाल्या. ‘असं माणसं करतात. मशीन करत नाही.’

मग त्यांची ती धावपळ. पांझरा बंद करून चालू केली. ती फक्त स्वतःशीच बोलते का, की बाहेरच्यालाही उत्तर देते, ते पाहिलं, देत होती. मध्ये कोणी दार अडवतंय का पाहिलं, नव्हतं. नव्या लॅबमध्ये पळाल्या, तिथली सगळी मशीनं गिरणेपर्यंत नीट पोचत होती. ग्रंथालयात गेल्या, तिथे गोल. परीक्षा विभागात गोल. म्हणजे नवी मशीनं शहाणी आणि जुनी सगळी खुळावलेली. अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर हातात आला, पुन्हा अंबाड्यात गेला, पुन्हा हातात आला, आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता. प्राचार्य दारात उभे राहून मॅडमकडे बघत होते. मग खिडकीबाहेर बघायला लागले.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. ‘जयभीम, बोला.’ पलीकडून शांताअक्कांचा आवाज एवढा मोठा, की सगळ्यांनी ऐकला. ‘व ताई, आबा घर नही व. आते स्टँडवर सापडनात. चोपडानी गाडीमा बठेल व्हतात. कंडक्टरनी उतारं.’

मॅडम ‘बरं’ म्हणाल्या. ‘जेवायला घाला. मी येतेच.’ फोन ठेवला आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. येणार कशा होत्या? पडद्यावर गोल फिरतच होता. मॅडमचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदा पाहिले, आणि मला फार वाईट वाटलं. धीर द्यावा म्हणून, काही सुचेना म्हणून, मी म्हणाले, ‘मॅडम, निदान माझ्या मशीनवर दाखवा ना सरांना. माझं तरी चालायलाच पाहिजे. तुम्ही मला तो पत्ता आतच घालून दिलाय ना? माझ्यापुरता?’

मॅडमनी मान वर केली.

‘काय म्हणालात?’

‘ते नाही का, मागे माझं परीक्षेचं पान उघडत नव्हतं. तुम्ही आलात, काहीतरी लिहिलंत आणि म्हणालात, तुमच्यापुरतं करून दिलंय, कोणाला सांगू नका.’

महाजन पुढे झाले. त्यांचा चेहरा उतरला होता. ‘तुमच्यापुरतं? म्हणजे काय? मॅडम मला म्हणाल्या होत्या, फक्त माझ्याच मशीनवर केलंय म्हणून.’

‘तुमच्या?’ कोळी सर म्हणाले. ‘अहो, मला म्हणाल्या, कोळी सर, तुम्ही ज्येष्ठ म्हणून फक्त तुम्हाला.’

पान उघडत नाही म्हणून मागोमाग आलेल्या परीक्षा विभागातल्या बाईंनी मॅडमकडे टाकलेली नजर मला कळली. इतकी वर्षं आम्ही प्रत्येक जण मनातल्या मनात मॅडमचे खास होतो, आणि एका सकाळी सगळे एका रांगेत येऊन बसलो होतो. सवत भेटावी तसे आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

मॅडम मात्र हसायला लागल्या. आधी हळू, मग खुर्चीचा हात धरून. डोळ्यांतलं पाणी आता कशाचं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

‘अहो, मशीनच्या पोटात एक चिठोरी असते,’ त्या म्हणाल्या. ‘नाव आणि पत्ता. मशीन आधी तिथे बघतं. घरातच उत्तर सापडलं तर ते बाहेर कशाला विचारायला जाईल? मी काळ्या खिडकीतून थेट पांझरेला विचारत होते, म्हणून बरोबर उत्तर यायचं. आणि तुम्ही पान उघडलं की मशीन पोटातली चिठोरी वाचून जुन्या पत्त्यावर जायचं. जिनिंगमध्ये!’

‘चिठोरी कोणी घातली?’ प्राचार्यांनी विचारलं.

‘मीच,’ मॅडम म्हणाल्या. ‘सगळ्यांना. कोणाला नाही म्हणायचं जिवावर यायचं, सर. आणि प्रत्येकाला वाटावं ना, की आपली कोणी काळजी घेतं.’

खानदेशात नियमानं केलेल्या कामाला कोणी काम म्हणत नाही. ‘तुमच्यासाठी म्हणून’ केलं तरच ते केल्यासारखं वाटतं. मॅडमनी आयुष्यभर सगळ्यांसाठी ‘तुमच्यासाठी म्हणून’ केलं होतं, आणि ते सगळं आता त्यांच्याच वाटेत आडवं पडलं होतं.

मग दुपारभर ही मिरवणूक निघाली. पुढे मॅडम, मागे आम्ही, एकेका मशीनच्या पोटातून मॅडमची चिठोरी पुसत. महाजनांच्या मशीनवरून पुसली आणि पान टपकन उघडलं. परीक्षा विभागात उघडलं. कोळी सर मात्र खुर्चीतून उठेनात. ‘माझं राहू द्या ना तेवढं. पान नाही चाललं तरी चालेल. सवय झालीय.’

‘सर, आता पांझरेला विचारायचं. मला नाही.’

‘पांझरा काय माझी विचारपूस करणार आहे?’ कोळी सर कुरकुरले, पण उठले.

प्राचार्य म्हणाले, त्यांच्या मशीनमध्ये असलं काही नाही. मॅडमनी तरी पाहिलं. होतं. बारीकसा आवाज करून प्राचार्य म्हणाले, ‘हां, ते पगाराच्या पानासाठी तुम्ही एकदा...’ आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

सगळ्यात शेवटी माझं. मॅडमनी ती ओळ पडद्यावर आणली आणि माझ्याकडे बघितलं. ‘पुसू?’

आकड्यांची एक ओळ, तिचा अर्थ मला तेव्हाही कळत नव्हता आणि आताही कळत नाही. पण ती जाऊ नये असं वाटलं, हे स्पष्टच सांगते. ‘पुसा,’ मी म्हणाले.

सोमवारी मॅडम मोकळ्या झाल्या. प्राचार्यांनी अर्ज वाचला, मॅडमकडे बघितलं, आणि खिडकीकडे मान वळायच्या आत सही केली. निरोप समारंभात शाल, नारळ, भाषणं झाली. मॅडम एवढंच बोलल्या, ‘काही अडलं तर मला फोन करायचा नाही. पांझरेला विचारायचं.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी त्यांना फोन केले. हळूहळू ते कमी झाले, मग थांबले. एक दिवस त्यांचाच मला फोन. ‘काय हो, कोणी विचारतच नाही आता! पांझरा इतकी चांगली चालते का?’ मी म्हटलं, ‘तुम्हीच केलीत ना?’ तर म्हणाल्या, ‘हो, पण एखादा तरी गोल फिरायला हवा होता.’

दिवाळीनंतर मी अमळनेरला गेले. घर शोधायला त्रास झाला नाही; स्टँडवर उतरून ‘बिऱ्हाडे’ म्हटलं तर रिक्षावाला म्हणाला, ‘फोनवाल्या आबांकडे ना?’ आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. स्वच्छ धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले, गुडघ्यावर शाल. आमचीच शाल होती ती, निरोपाची. मॅडम बाहेर आल्या. अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर नव्हता, साधी पिन होती, आणि ती मला परकी वाटली.

‘तू कोन शे, माय?’ आबांनी त्यांना विचारलं.

‘मी वैशाली, आबा. तुमची मुलगी.’

‘बरं, बरं.’ आबांनी मान डोलावली. मॅडम मला म्हणाल्या, ‘दिवसभर विचारतात. मी दिवसभर सांगते. पहिले पहिले रडू यायचं. आता वाटतं, विचारतात तरी.’ आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी आबांजवळ बसले.  आतून कपबशांचा आवाज येत होता. मी आवाज खाली आणून, उगीचच, विचारलं, ‘आबा, आत गेल्या त्या तुमच्या कोण?’

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे. मला ओट्यावरचे जामनेरचे आजोबा आठवले आणि विचारल्याचा पस्तावा झाला. पण आबा शोधत होते. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, काही हाती लागलं नाही.

‘माले नही म्हाईत,’ ते शेवटी प्रामाणिकपणे म्हणाले. आणि लगेच, मी वाईट वाटून घेऊ नये म्हणून, त्यांनी बोटानं दार दाखवलं. ‘तिलेच इचारा. तिले बठ्ठं म्हाईत शे.’

मग त्यांचा हात शालीतून बाहेर आला. हवेत काहीतरी धरून त्यांनी ते एका जागेवरून दुसऱ्या जागी नेमकं खोचलं. ‘थांबा, जोडी देस,’ म्हणाले, आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, ‘व माय, बाहेर ये! तुले कोनी इचारी ऱ्हायनं.’

मॅडम पदराला हात पुसत दारात आल्या.

‘काय हवंय? विचारलं कोणाला?’ त्यांनी सवयीनं विचारलं.

‘आबांना,’ मी म्हणाले.

‘मग?’

‘त्यांनी तुमच्याकडे पाठवलं.’

 आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी मॅडम हलल्या नाहीत. मग आबांच्या गुडघ्यावरची शाल सारखी करत म्हणाल्या, ‘बरोबर पाठवलं, आबा.’